जबडा, दंड आणि घाम

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि गेल्या महिन्यात केजजवळच्या युसूफ वडगाव या गावी एका अनोळखी बाईच्या तोंडून मी तुझा शेवटचा दिवस पुन्हा ऐकला. अजून त्या धक्क्यातून बाहेर आलेली नाही, म्हणून लिहायला बसलेय.

आधी माझं काम सांगते, तुझ्या वेळी असलं काम नव्हतं. पुण्यात आम्ही मोबाइलवरचा आरोग्य सल्लागार तयार करतो. आजारी माणूस आपल्या बोलीत बोलतो, मशीन ऐकतं आणि काय करायचं ते सांगतं. कुठलं दुखणं कुठल्या कप्प्यात घालायचं, कशानंतर काय विचारायचं, ही सगळी मांडणी माझी. ती मी अवयवांप्रमाणे लावली होती. दात वेगळे, हाडं वेगळी, पोट वेगळं. दुसरं काही सुचणारही नव्हतं मला. आष्टीच्या शाळेत तू बाई होतीस आणि घरातही बाईच. मी पडून रडत आले की आधी दटावायचीस, "रडू नको. जागा सांग. नेमकं कुठं?" एका वाढदिवसाला फ्रॉकऐवजी शरीराच्या अवयवांचा रंगीत तक्ता आणलास. मी रुसले, आणि मग तो पाठ करून टाकला.

वडगावच्या समाजमंदिरात आमच्या मशीनची चाचणी बघायला बायका जमल्या आहेत. मशीन बोलतं म्हणून हसताहेत. माझ्याच वयाची एक बाई फोन हातात घेते. मी म्हणते, काहीही सांगा, नुसतं करून बघायचंय. ती खरंच सांगते, "कालपून जबडा दुखतोय बाई. ह्या दंडात कळ येतीय. अन् घाम तर लई सुटलाय." मशीन शांतपणे उत्तर देतं. दातासाठी मिठाच्या गुळण्या करा, दंडाला शेक द्या, उन्हाचा त्रास असेल, पाणी प्या. बायका माना डोलावतात. "बरं सांगतंय की," ती म्हणते.

मला आपलं स्वयंपाकघर दिसत होतं. रविवार आहे, तू भाकरी थापतेयस. "दाढ ठणकतीय, लवंग दे गं." थोड्या वेळानं दंड चोळत म्हणतेस, "फळ्यावर लिहून लिहून हात भरून आलाय." पदरानं कपाळ पुसतेस, "चुलीपुढं घाम येणारच." प्रत्येक दुखण्याची जागा तू नेमकी सांगितलीस. त्या दुपारी तू गेलीस, आणि डॉक्टर म्हणाले, हृदय होतं.

मी उठून म्हटलं, गाडी काढा. तिची जाऊ गोंधळली. "कावून? तिचं जेवण न्हाई झालं अजून." मी काही समजावत बसले नाही. केजच्या दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, डॉक्टरांनी ती पाहिली आणि लगेच इंजेक्शन देऊन अंबाजोगाईला हलवलं. बाई वाचली. परवा तिच्या जावेचा फोन आला होता, म्हणाली, आता घरात हिंडतीय, पण कुणाचं ऐकत न्हाई.

परत आल्यावर माझ्यासोबत आलेला ऑफिसातला मुलगा म्हणाला, "मॅडम, मशीन चुकलं नाही. तिन्ही उत्तरं बरोबर होती." ते ऐकून मी पुन्हा हादरले. तिन्ही उत्तरं बरोबर होती आणि बाई मरत होती. तो बिचारा खरंच बोलत होता. तीन कप्पे मीच केले होते, आणि ते एकमेकांशी बोलत नव्हते. सगळी मांडणी मोडली. आता मशीन जागा विचारत नाही, "अजून काय होतंय?" विचारतं, माणसाचं सांगून होईपर्यंत. मग सगळं एकत्र बघतं. जबडा, दंड आणि घाम एकत्र आले की सल्ला द्यायचाच नाही, दवाखान्यात जा म्हणायचं आणि नर्सला फोन जोडायचा. डॉक्टरांकडून तपासून घेतलं, पुन्हा वडगावला जाऊन बायकांशी बोलले. काम चाललंय.

ऑफिसात सगळे विचारतात, तुला बसल्याजागी कसं कळलं? मी सांगते, कुठंतरी वाचलं होतं. तुझं नाव अजून घेतलेलं नाही. घेतलं तर माझी आई चुकली होती असंही म्हणावं लागेल, आणि ते मला या कागदावर, जो कुणाला द्यायचाच नाहीय, त्यावरसुद्धा धड लिहिता येत नाही.