डावा स्पीकर

केळझर, २० नोव्हेंबर १९८६

प्रिय कोकिळे,

बाबांचं कार्ड पोचलं असन. खराब माल सासऱ्याच्या गळ्यात मारला, असं त्यांनी केशवरावांले लिहिलं. मी नको नको म्हणत होती, पण ऐकतील तर ते तुझे बाबा कसले! जावईबापू रागावले असतील तर त्यांचं काही चुकलं नाई.

तुम्ही दिवाळीले पाठवलेला स्टिरिओ पाहून आधी तोंड वाकडं केलं, अन् दुसऱ्या दिवशी स्वतःच छपराच्या कवेलूवर चढले. दोन बांबू बांधून एरियलची तार ताणली. नागपूरच्या बातम्या खणखणीत आल्या. मग केशवरावांच्या चिठ्ठीप्रमाणे कॅसेट लावली, खटका 'वाईड'वर केला अन् दोन स्पीकरच्या मधोमध खुर्ची टाकून बसले. गाणं चहूकडून येईल, असं लिहिलं होतं नं? यांले ते उजवीकडूनच येई. झालं, डावा स्पीकर मेला! मले दोन्ही ऐकू येत होते, पण माझं कोण ऐकते? कार्ड टाकूनच आले.

काल सेलूहून तानबा रेडिओवाला आला. त्यानं वायरी अदलाबदल केल्या, तरी यांले डावीकडचा मुकाच. मग त्यानं बाबांची खुर्ची भिंतीकडे फिरवली. तर मेलेला स्पीकर बोलाले लागला अन् चांगला होता तो बंद! तानबा चहा न पिताच गेला. बाबा तसेच भिंतीकडे पाहत बसून राह्यले.

पोरी, त्यांचा डावा कान गेला आहे. कधी गेला, त्यांलेही ठाऊक नाई. जेवताना मी त्यांच्या डावीकडेच बसते. जबाब देत नाई म्हणून इतके वर्षं मी मनात किती जळली, काय सांगू तुले!

तुझ्या मनाच्या लग्नावर ते चिडले होते, हे मी झाकत नाई. पण तू निघाली त्या दिवशी ते पेपरात तोंड खुपसून बसले होते अन् तू डाव्या अंगाले उभी होती. 'बाबा, निघते मी,' दोनदा म्हणाली. मान वर झाली नाई. तू तीन वर्षं उंबरा चढली नाई, अन् हे तीन वर्षं म्हणून राह्यले, पोरगी न सांगता गेली.

काल त्यांनी भिंतीकडे पाहतच मले विचारलं, कोकिळा जाताना काही बोलली होती काय? मी सांगितलं. आमचं लगन झाल्यापासून पहिल्यांदा त्यांले रडताना पाहिलं. म्हणून हे पत्र. दोघंही या. चार दिवस राहा. अन् परत जाताना त्यांच्या उजव्या अंगाले उभी राहून सांगजो.

वाट पाहणारी, तुझीच
आई