पाटीवरचा नंबर

दि. ४ जून

ति. दादास, सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसता हं हं करतोस आणि बाबांचा विषय निघाला की आपण दोघंही गप्प होतो, म्हणून पत्र. वर्षअखेरपर्यंत गिऱ्हाईक वाढलं नाही तर दुकान मालकाला परत देणार आणि कुठेतरी नोकरी धरणार, असं तू आईला म्हणालास म्हणे. मला नाही सांगितलंस. असो.

बाबांना ओळखणारी माणसं आता त्या गल्लीत फारशी उरली नाहीत. पुलापलीकडच्या नव्या इमारतींतला माणूस घराबाहेर अडकला की शेजाऱ्याला विचारत नाही, मोबाइलवर जवळचा चावीवाला शोधतो. तिथे आपलं दुकान वर दिसायला हवं. मी वेबसाइट करते आहे. तू फक्त फोटो, वेळ, पत्ता, फोन नंबर आणि दोन ओळी माहिती पाठव. कृपा करून विचार करत बसू नकोस.

लोभ आहेच; उत्तर वेळेवर आलं तर टिकेलही.

तुझी टिटवी

दि. १५ जून

चि. टिटवीस, अनेक आशीर्वाद.

फोटो पाठवले आहेत. वेळ: सकाळी उघडतो, काम संपलं की बंद करतो. पत्ता: पाण्याच्या टाकीसमोर, सगळ्यांना माहीत आहे. माहिती: आम्ही कुलपं उघडतो आणि चाव्या करतो. दुसरी ओळ सुचली नाही. नंबर पाटीवरचाच टाक. पाटी बाबांनी स्वतः रंगवली आहे, ती बदलायची नाही.

आई बरी आहे. दुपारी झोपत नाही. ती एकटीच असताना कोणाशी तरी बोलत असते, असं शेजारच्या काकू म्हणत होत्या. मी विचारलं नाही.

प्रकृतीस जप. माझी काळजी नको.

दादा

दि. २ ऑगस्ट

ति. दादास, सा. न. वि. वि.

तुझ्यापुढे हात टेकले. एका फोटोत तुझा अंगठा, दुसऱ्यात छत आणि तिसऱ्यात कुलूप आहे, पण ते शेजारच्या दुकानाच्या शटरचं. टाकीसमोर एवढंच लिहिल्यामुळे नकाशाने आपलं दुकान थेट टाकीत बुडवलं होतं, ते मी बाहेर काढलं. आणि सगळ्यांना माहीत आहे म्हणजे काय रे? ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठी का मी डोळे फोडून घेते आहे?

गिऱ्हाइकांना अभिप्राय लिहायला सांग म्हटलं, तर तू लाजून काकांना सांगितलंस. त्यांनी लिहिलं की मुलगा सज्जन आहे, पण वडिलांचा हात नाही. वर पाचपैकी तीन तारे दिले. घरच्या माणसाने!

हे सगळं निस्तरून दुकान आता यादीत पहिलं दिसतं. लोक फोनचं बटण दाबतात, ते मला इथे कळतं. तरी तुझं म्हणणं, कोणी येत नाही. आणि आता वाईट अभिप्राय येऊ लागलेत. माणूस पाठवतो सांगून दाराशी ताटकळत ठेवलं, कोणी फिरकलंच नाही, असं एक नाही, अनेकांनी लिहिलंय. दादा, हे तू करतोस? कोणी अडकलंय म्हटलं की भरल्या ताटावरून उठणारा तू?

रागावून लिहिते आहे. माया त्यातच आहे, शोधून घे.

टिटवी

दि. ११ ऑगस्ट

चि. टिटवीस, आशीर्वाद.

मी कोणाला येतो म्हणून सांगितलं नाही. मला एकही फोन आला नाही. लोक खोटं का लिहितात, कळत नाही. बाबांनी कोणाला दाराशी ताटकळत ठेवलं नाही, आणि त्यांच्या पाटीखाली आता हे वाचायचं. त्यापेक्षा बंद केलेलं बरं. महिनाअखेर मालकाकडे जाऊन येतो. तुझे कष्ट वाया गेले, वाईट वाटतं.

पाटीवरचा नंबर बाबांच्या मोबाइलचा. ते गेल्यापासून तो वाजला की मला उचलवत नसे, म्हणून आईकडे ठेवायला दिला. तिने बंद केला असेल. नंबर कुठलाही टाकला तरी वेबसाइटवरून केलेले फोन दुकानातल्या फोनवर येतात, असं मी धरून चाललो होतो.

इकडे पाऊस वाढला आहे.

दादा

दि. १८ ऑगस्ट

ति. दादास, सा. न. वि. वि.

धन्य आहेस. मुख्य गोष्ट शेवटी, पावसाच्या बातमीला चिकटवून! मला वाटत होतं, तो मोबाइल दुकानात तुझ्याजवळ आहे.

मी ऑफिसच्या फोनवरून तो नंबर लावला. आईने उचलला. मी तोंड उघडण्याआधीच म्हणाली की ते कामावर बाहेर गेलेत, पत्ता सांगा, आले की लगेच पाठवते, दारातच थांबा. बाबा खरंच बाहेर असताना जसं सांगायची, अगदी तसं. घाईत, जरा मिरवत. मी फोन ठेवून दिला.

नंबर बदलणं माझ्या हातात आहे, मिनिटाचं काम. पण मग तो फोन वाजायचा थांबेल. माझं बोट काही बटणाकडे जात नाही. मालकाकडे जाऊ नकोस. आधी घरी जा.

टिटवी

दि. २५ ऑगस्ट

चि. टिटवीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं त्याच दुपारी दुकान बंद करून घरी गेलो. फोन आईच्या मांडीवर होता. मी शेजारी बसलो. अवेळी कसा आलास, जेवलास का, असं तिने विचारलं. तेवढ्यात फोन वाजला.

पुलापलीकडची एक बाई होती. दार ओढलं गेलं, ती बाहेर आणि मूल आत. तिचं रडणं मला बाजूला बसून ऐकू येत होतं. आई सवयीने म्हणू लागली की ते बाहेर, आणि माझ्याकडे बघून थांबली. मग म्हणाली की ते नाहीत, ते आता येणार नाहीत, पण मुलगा आहे, त्याला पाठवते.

ते गेल्याचं तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

पत्ता तिने माझ्याकडून म्हणवून घेतला आणि बाबांची हत्यारांची पिशवी कपाटातून काढून दिली. दार उघडलं. मूल झोपलेलं होतं. परत आलो तर आई दारातच उभी होती, एवढा उशीर का म्हणून रागावली.

मालकाकडे गेलो नाही. नंबर बदलू नकोस. आता फोन आला की ती मला दुकानात कळवते, आणि मी निघालो की नाही ते बघायला पुन्हा फोन करते. वैताग आहे, पण चालेल.

दुसरी ओळ सुचली आहे, वेबसाइटवर घाल: फोन आई उचलते.

असाच राग असू दे.

दादा