डावीकडच्या सीटचे चार बोल्ट

मी, लालासाहेब आकाराम थोरात, वय वर्षे एकोणसाठ, धंदा मोटार दुरुस्ती, मूळ गाव कुंडल, हल्ली मुक्काम सांगली, हा कागद स्वतःच्या हाताने लिहितो. डोके ठिकाणावर आहे. छाती नाही, दिवाळीपासून तिने दोनदा दगा दिला. मला कोणी धाक घातलेला नाही, फूस लावलेली नाही, काही पाजलेले नाही. माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था पुढीलप्रमाणे लावावी. वकीलसाहेबांनी मसुद्यातल्या निम्म्या ओळी गैरलागू म्हणून खोडल्या होत्या, त्या मी परत लिहिल्या आहेत. कायदा त्यांचा असेल, मरण माझे आहे.

कलम १. मिरज रस्त्यालगतचे दोन खोल्यांचे घर व पोस्टातली शिल्लक माझी पत्नी सौ. सुलाबाई हिला. मी फौजेच्या वर्कशॉपमध्ये सतरा वर्षे गाड्या दुरुस्त केल्या व पदक घेऊन आलो. तेवढी वर्षे ती माझ्या आईबरोबर एका चुलीवर नांदली. पदक कोणाला मिळायला हवे होते हे वाचणाऱ्याने ठरवावे.

कलम २. हत्यारांची पेटी, सर्व पाने व ड्रिल मशीन मुलगी हरणाबाई, राहणार आटपाडी, हिला. तिला कार्बोरेटर उघडून परत जोडता येतो. जावईबापूंना लोणच्याची बरणी उघडता येत नाही. त्यांनी १९६९ साली एका दिवसासाठी नेलेला जॅक त्यांना बक्षीस दिला असे समजावे व मयताला त्यांनी भाषण करू नये.

कलम ३. गॅरेजची जागा भाड्याची आहे. मालकाने ती तीनदा मागितली व मी तिन्ही वेळा बहिरा झालो. आता द्यावी.

कलम ४. दोन सीटांची, बिनछपराची, १९४८ सालची लाल एम.जी. मोटार माझा धाकटा भाऊ नानासो याला. या कलमाला कारण जोडणे भाग आहे, कारण नानासो व मी सात वर्षे बोललेलो नाही.

ही मोटार मी एका विलायतेला परतणाऱ्या साहेबाकडून घेतली. कंपनीची सीट सोफ्यासारखी होती. वळणावर माणूस तिच्यावरून घसरत दाराशी जाई. १९७० साली मद्रासच्या एका फौजी दोस्ताने शर्यतीच्या गाडीतून उतरवलेल्या दोन सीटा पाठवल्या. खोलगट, दोन्ही बाजूंनी माणसाला कवेत घेणाऱ्या. सोबत कमरेचे पट्टेही होते. "आपुन काय इमानात बसलोय व्हय?" असे म्हणून पट्टे मी खुंटीला टांगले.

त्याच सुमारास साताऱ्याच्या एका इंजिनियरने पैज लावली की त्याची नवी मोटार यवतेश्वराचा घाट माझ्या डबड्याच्या आधी चढेल. दोन्ही गाड्यांत दोन-दोन माणसे बसवायची असे ठरले. मी नानासोला कुंडलहून बोलावले. तो ऊस लावणारा माणूस, पण हात शहाणा.

या मोटारीचा तळ लाकडी फळीचा असतो. कंपनीची सीट त्यावर नीट बसत होती, तिचा वजन झेलण्याचा हिशेब वेगळा. शर्यतीची सीट चार बोल्टांवर उभी राहते. नानासोने उजवीकडची, म्हणजे ड्रायव्हरची सीट बसवायला घेतली. फळीच्या खाली, चासीच्या, म्हणजे मोटारीच्या लोखंडी सांगाड्याच्या, एका दांडीपासून दुसऱ्या दांडीपर्यंत त्याने नांगराच्या पोलादाची पट्टी टाकली व बोल्ट तिच्यातून घेतले. त्यात अर्धा दिवस गेला. मी म्हणालो, "आरं, सीट बसवतोयस का देवळाचा कळस?"

डावीकडची मी तासाभरात बसवली. गुऱ्हाळातल्या मोडक्या चरकाचे चार मऊ बोल्ट, दहा पैशाएवढे वॉशर, आणि खाली नुसती फळी. फौजेत असे काम एखाद्या शिपायाने केले असते तर मी त्याला पाठीवर पिठ्ठूचे ओझे देऊन मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

तिसऱ्या वळणावर आम्ही पुढे होतो. म्हैस आडवी आली. मी ब्रेक दाबला, मोटार फिरली आणि डावीकडची सीट फळीतून बोल्टांसकट उपटून, नानासोला कवेत घेऊन, गुडघ्याएवढ्या दारावरून बाहेर गेली. नानासोचा पाय दोन ठिकाणी मोडला. मिरजेच्या दवाखान्यात चार महिने. आजही तो पाय ओढतो.

दवाखान्याच्या व्हरांड्यात नानासोच्या खाटेभोवती गाव जमले होते. कोणीतरी विचारले, "सीट कुणी बशिवली हुती?"

मी म्हणालो, "नानासोनंच."

झाले. सगळ्या कुंडलात तो स्वतःच्या हाताने स्वतःचा पाय मोडून घेतलेला माणूस ठरला. त्याने माझ्याशी बोलणे सोडले. मी उलट दिसेल त्याला सांगत सुटलो की भावाने माझी मोटार बिघडवली. सात वर्षे सांगितले. शेवटी शेवटी मला स्वतःलाही खरे वाटू लागले. आज लिहितो: ते खोटे होते. बोल्ट माझे.

मोटार पुढील अटींवर द्यावी. दोन्ही सीटा चासीला जोडलेल्या लोखंडी पट्ट्यांवर बसवाव्यात, फळीवर नव्हे. फळीतून बोल्ट न्यावाच लागला तर खाली तीन इंच चौरस, चांगली जाड प्लेट हवी. तिचे कोपरे घासून गोल करावेत, नाहीतर तीच फळी कापते. बोल्ट टणक, डोक्यावर खूण असलेले घ्यावेत. भोक पाडण्याआधी खाली झोपून ब्रेकची नळी कुठून जाते ते बघावे. पट्टे सीटला न बांधता चासीला बांधावेत, म्हणजे सीट गेली तरी माणूस राहतो. आणि शेवटी परीक्षा म्हणून चेनपुलीने सीटच्या पायांना धरून मोटार उचलावी. मागची चाके जमिनीवरून सुटेपर्यंत सीट हलता कामा नये.

इथवर काल लिहिले. आजचा मजकूर मसुद्यात नव्हता.

मी झोपल्यावर सुलाबाईने कागद वाचला व पहाटेच्या एस.टी.ने जाणाऱ्या दूधवाल्याकडे कुंडलला निरोप धाडला. दुपारी नानासो दारात उभा. मी कलम चार त्याच्या हातात दिले. त्याने बोट फिरवत सावकाश वाचले.

"दादा, हे मला ठावं हाय," तो म्हणाला. "मी मोटारीत बसायच्या आधीच खाली वाकून बघितलं हुतं."

"आणि तरी बसलास?"

"तुमी बशिवलेली सीट. तुमच्यावर इस्वास हुता न्हवं."

मी विचारले, "मग गावाला सांगितलं का न्हाईस?"

"तुमचं गॅरेज नवं हुतं. मिलिटरीच्या मेस्त्रीला चार बोल्ट लावता येत न्हाईत म्हटल्यावर गाडी कोण आणणार? माझं काय, उसाला लंगडा काय न् धडधाकट काय, सारखाच." मग म्हणाला, "बोललो न्हाई ते त्यापायी न्हवं. दवाखान्यात तुमी माझ्या तोंडाकडं बघून खोटं बोलला. एकदा जरी पाय कसा हाय म्हणून इचारलं असतं."

सुलाबाई चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "इचारा की आता." मी विचारले.

"थंडीत दुखतोय," तो म्हणाला. "ह्यो कागद मेल्यावर वाचायचा असतो न्हवं? मोटार जित्तेपणी द्या. मेल्यावर मिळालेल्या गाडीत शेजारी बसाया कोण?"

सबब कलम ४ यातून वगळले आहे. मोटार आज चावीसकट नानासोला दिली. त्याने एक अट घातली व मी ती मान्य केली: ड्रिल तो चालवणार, मी कंदील धरणार, आणि घाटात डावीकडे मी बसणार. बाकी कलमे कायम. यापूर्वी मी तोंडी जे जे कबूल केले असेल, विशेषतः लग्नकार्यात, ते रद्द.

लालासाहेब आकाराम थोरात (सही)

आमच्यासमक्ष यांनी सही केली व आम्ही यांच्यासमक्ष केली :
१. बिराप्पा सिद्धू गावडे, पंक्चरचे दुकान, सांगली (सही)
२. तात्याबा रामू चौगुले, शेजारी (सही). लिहिणाऱ्याची बुद्धी शाबूत असल्याची खात्री मला आजच पटली.

मुक्काम सांगली, दिनांक २१ नोव्हेंबर १९७७