भिंतीपासून दोन हात

दादा,

आईला माझ्याकडे नेतेय. तिचा चष्मा आणि गोळ्या घेतल्यात. चावी शेजारच्या काकूंकडे आहे.

त्या उभ्या स्पीकरांबद्दल तू नेटवर लिहिलेलं वाचलं. "या किमतीत तोड नाही. भिंतीपासून दोन हात पुढे ओढा, आवाज खुलतो." वर "घरात सगळे खूश" असंही तोंड वर करून लिहिलंयस. त्या दोन हातांसाठी आईची कॉट मागच्या खोलीत टाकलीस, ते मात्र लिहायचं राहिलं.

काल ती बाथरूममध्ये पडली. तुझी गाणी संपेपर्यंत तुला हाका मारत होती. हाड मोडलं नाही, हे नशीब. आज मला म्हणाली, "त्याला बोलू नकोस, आवाज खरंच छान आहे."

तिचाही अभिप्राय तिथे टाक.