कुणाच्याही दबावाविना

रविवार, दुपार कलल्यावर
बसस्थानकाची घोषणा-खोली

म्बाक वार्सिती,

थोरल्या बहिणीच्या गुडघ्यांवर कपाळ टेकून धाकटा कास्मादी हे पत्र सुरू करतो. (ईदेला प्रत्यक्ष येऊन टेकायचं राहिलं, ते यात वळतं करून घे.) गुडघे कसे आहेत? आल्याचा लेप लावतेस, की अजून त्या टीव्हीवरच्या तेलावर श्रद्धा आहे? भावजींच्या मिरीच्या वेलांना यंदा घड धरले का? मी इकडे ठणठणीत आहे. फक्त जेवण जात नाही, झोप लागत नाही, आणि दारावर कुणी टकटक केलं की डावा पाय आपोआप उडतो.

फोन असताना कागद कशाला, असं तू विचारशीलच. एक तर फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला तोडतेस, आणि माझा मुद्दा साधारण नवव्या वाक्यात असतो. दुसरं म्हणजे, अंगठ्याने लिहिलेलं माघारी बोलावता येत नाही, हे गेल्या पंधरवड्यात मी शिकलो. कागद फाडता तरी येतो. हे पत्र उद्या संध्याकाळच्या लाम्पुंगच्या गाडीने ड्रायव्हरच्या हाती येईल. त्याला खायला घाल, पण बोलण्यात गुंतवू नकोस; तो तीन नंबरवाला आहे.

आधी मुख्य गोष्ट सांगतो. उद्या सकाळी दहा वाजता आमच्या तिकीटखिडकीवरच्या इबू रुक्मियातीने कॅमेऱ्यासमोर उभं राहून माफी मागायची आहे. नाही मागितली, तर बावीस वर्षांची नोकरी गेली. घरी अंथरुणाला खिळलेला नवरा आहे, आणि मिळवणारी ती एकटी. (तुला ती आठवत असेल. तुझ्या फणसाच्या पोत्याला वेगळं तिकीट लावणारी. तू तेव्हा जे बोललीस त्याची माफी कुणी मागितली नव्हती, कारण तेव्हा कुणाच्या हातात कॅमेरा नव्हता.) आणि तो माफीनामा, म्बाक, मी लिहिला आहे.

आता सुरुवातीपासून. जिल्हाप्रमुखाच्या निवडणुकीत तीन उमेदवार आहेत. एक नंबर म्हणजे सध्याचे साहेब, ज्यांचा मी उघड पाठीराखा आहे आणि मरेपर्यंत राहीन. तीन नंबर म्हणजे जो स्वतःला बदल म्हणवतो तो. दोन नंबरचा कुणाला आठवत नाही. सभ्य माणूस आहे बिचारा. आमचे मालक हाजीसाहेब सभांसाठी दोन्ही बाजूंना बसगाड्या भाड्याने देतात, म्हणून आम्हा नोकरांना तटस्थ राहण्याचा लेखी हुकूम आहे. तटस्थपणा कसा चाललाय ते ऐक. उपाहारगृहात भाजीवर दाण्याची चटणी वाटून देणारी बाई प्रत्येकाला विचारते, "मिरच्या किती घालू?" वर्षानुवर्षं हा निरुपद्रवी प्रश्न होता. आता एक म्हणालं की एका बाकावर बसायचं, तीन म्हणालं की दुसऱ्या. जन्मात तिखट न खाल्लेले मेकॅनिक डोळ्यांतून पाणी काढत तीन-तीन मिरच्या रिचवतात, निष्ठेपायी. दोन म्हणणाऱ्याशी कुणीच बोलत नाही. इबू रुक्मियाती म्हणाली, "मला नकोत मिरच्या, मला आम्लपित्त आहे." दोन्ही बाकांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पंधरवड्यापूर्वी एक नंबरच्या साहेबांनी बसस्थानकाला नवी कमान बांधून दिली. देखणी कमान आहे, मी तिच्याविरुद्ध शब्द ऐकून घेणार नाही. खाली कारंजं, कारंज्यात दोन दगडी हंस, चोचींतून पाणी. स्थानकाच्या घोषणांचा माइक माझ्याच हाती, म्हणून उद्घाटनाला मी चाळीस मिनिटं बोललो. हंसांच्या पाण्याला मी प्रशासनाच्या स्वच्छ मनाची उपमा दिली (टाळ्या पडल्या). दुसऱ्या दिवशी रुक्मियातीने फेसबुकवर बायकांच्या संडासातल्या कोरड्या नळाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "कमानीला चार महिने पुरले. या नळाला पाच वर्षं पुरली नाहीत. माझं मत नळाला."

एवढंच. अठ्ठेचाळीस जणांनी पाहिलं, त्यांतले निम्मे तिचे नातेवाईक. ते तिथंच विरून गेलं असतं. पण 'पहाडी वाघ' नावाच्या कुणा खात्याने ते उचललं आणि वर एक ओळ चढवली: "जिला गावाची कमान सलते, तिच्या हातून गावाने तिकीट का घ्यावं?" वाक्याची बांधणी पाहा, म्बाक. वृत्ती हीन आहे, पण लय आहे, हे मान्य करावं लागेल. चार हजार लोकांनी ते पुढे पाठवलं. तिसऱ्या दिवशी खिडकीसमोर चाळीस माणसं उभी, आणि त्यांतल्या एकालाही कुठं जायचं नव्हतं! "इबू, बाहेर या! गावाची माफी मागा!" ती आतून विचारतेय, "तिकीट कुठलं देऊ?" तीन नंबरवाल्यांनी तिला न विचारताच तिचा फोटो फलकावर छापला. त्यांनाही तिने विचारलं, "नळ कधी बसवताय?" ते म्हणाले, "आधी मत द्या, इबू." म्हणजे एका बाजूने तिला फासावर चढवलं, दुसऱ्या बाजूने मखरात बसवलं, आणि नळाकडे कुणी फिरकलं नाही.

हाजीसाहेबांनी मला बोलावलं. "कास्मादी, माफीनामा लिही. नेहमीसारखा." (हे नेहमीसारखं म्हणजे: या कंपनीतले आजवरचे अकरा माफीनामे माझ्या हातचे आहेत. वरातीला ओव्हरटेक करणाऱ्या ड्रायव्हरचा वाचून तर नवरीच्या आईने डोळे पुसले.) साचा ठरलेला आहे. पांढरी भिंत, इस्त्रीचा सदरा, हातात कागद, कागदावर दहा हजार रुपियांचा सरकारी स्टँप, सही अर्धी स्टँपवर अर्धी बाहेर. सुरुवात 'अंतःकरणाच्या तळापासून', आणि शेवटी ते वाक्य, ज्याच्याशिवाय माफी कायदेशीर होत नाही: 'हे निवेदन मी कुणाच्याही दबावाविना करत आहे.' ते वाचलं जातं तेव्हा कॅमेऱ्यामागे कमीत कमी चार धटिंगण उभे असतात. अकरा वेळा मी ते लिहिलं आणि प्रत्येक वेळी फक्त शुद्धलेखन तपासलं. आता लाज वाटते.

कारण तू साक्षीदार आहेस. अठ्ठ्याण्णव साली, तोंड उघडणं हाच गुन्हा होता तेव्हा, मी याच स्थानकात बसच्या टपावर चढून बोललो आणि माझ्या चपला खाली तू धरून उभी होतीस. काय मागितलं होतं आम्ही? बोलू द्या! मिळालं. पण ऐकून घेण्याची ताकद कुणी मागितलीच नाही, आणि घोडं तिथंच अडलं. पूर्वी तोंड दाबायला सरकारला शिपाई पाठवावा लागायचा, त्याचा पगार व्हायचा. आता शेजारी फुकट येतो, स्वतःचा कॅमेरा घेऊन. माझ्या मताच्या माणसाला बोलू द्या, असं तर प्रत्येक हुकूमशहाही म्हणतो! जिचं मत वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, तिला बोलता आलं तरच आपण काही मिळवलं. हे मी आरशासमोर तीन वेळा बोलून पाहिलं. बाहेर एकदाही नाही.

तर काल दुपारी मी माफीनामा घेऊन रुक्मियातीच्या घरी गेलो. तिने चहा ठेवला, सोयाबीनच्या टेम्पेची गरम भजी दिली आणि म्हणाली, "वाचा की, बापाक कास्मादी. तुमच्या आवाजात ऐकते." मी वाचला. चढउतारासकट. आतल्या खाटेवरून तिच्या नवऱ्याने "वा!" म्हटलं. ती म्हणाली, "फारच सुरेख. पण माझं चुकलं काय, ते कुठल्या ओळीत आलंय?" मी शोधलं. वरून खाली, खालून वर. नव्हतं आलं. मग तिने तिसरं भजं माझ्या बशीत टाकत सांगितलं, "नळाला पाणी नाही हे खोटं असेल तर मी आत्ता सही करते. उगाच कशाला लोंबकळत ठेवा?"

मी म्हटलं, सापडला मार्ग! पाणी आणलं की तिचं वाक्य खोटं पडेल, ती सही करेल, नोकरी वाचेल, कमानही वाचेल. आज सकाळी पाना घेऊन मी संडासाच्या नळामागून पाइप धरून निघालो. भिंतीखालून, टायरांच्या ढिगामागून, उपाहारगृहाच्या गटारातून (पांढरा पायजमा गेला) तो पाइप थेट कारंज्यात शिरला. म्बाक, संडासाचं पाणी हंस पीत होते. ज्या पाण्याला मी स्वच्छ मनाची उपमा दिली, त्या पाण्याला. मी खाली बसलो. मग उठलो, कारंज्याचा व्हॉल्व्ह बंद केला आणि संडासाकडचा उघडला. नळ तीनदा खोकला आणि तांबडं का होईना, पाणी आलं. मी तसाच धावत तिच्या दारात. "इबू, पाणी आलं! करा सही!" तिने माझ्या पायजम्याकडे पाहिलं. "म्हणजे पाणी होतंच म्हणा की. मग तर मी कमीच लिहिलं."

परत येतो तोवर कारंज्याभोवती एक नंबरवाल्यांचा गराडा. हंस कोरडे पडले, घातपात झाला, करणाऱ्याला शोधा! व्हॉल्व्ह पुन्हा फिरवला गेला. शोधणाऱ्यांच्या पुढाऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "बापाक, तुम्हीच सांगा, असल्या माणसाचं काय करावं?" पाना माझ्या पाठीमागे, कमरेला खोचलेला. मी म्हणालो, "कठोर निषेध." म्बाक, मी हे म्हणालो.

आता उद्या दहा वाजता. ती येईल की नाही, ठाऊक नाही. माझ्यासाठी दुआ कर. तिच्यासाठी आधी कर.

तुझ्या धाकात वाढलेला,
कास्मादी

ता.क. सोमवार, संध्याकाळ. गाडीला तास आहे, म्हणून घडलेलं लिहितो. ती आली. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर तपकिरी ओढणी, हातात माझा कागद. समोर दोन्ही बाजू, सगळ्यांचे फोन वर. तिने 'अंतःकरणाच्या तळापासून' वाचलं, पुढचं सगळं वाचलं, आणि 'कुणाच्याही दबावाविना' या ओळीवर थांबली. कॅमेऱ्यामागच्या चौघांना अगदी तिकीट देताना बोलते तशी म्हणाली, "दादांनो, जरा मागे सरकता का? वाक्य खरं व्हायला हवं." ते हसले, दोन पावलं सरकले. "अजून थोडं. अजून." ते कॅमेऱ्यासमोर नाही कसं म्हणणार? सरकत सरकत ते पार संडासाच्या दाराशी पोचले, आणि चौघांनीही एकदम नाकाला रुमाल लावले. सगळं आवार बघत होतं. तीन नंबरवाले हसायला लागले, तशी ती त्यांच्याकडे वळली. "तुम्हीपण जा ना तिकडे." मग तिने ते वाक्य वाचलं, कागदाची घडी घातली आणि सही न करता खिडकीवर जाऊन बसली. रांग लागली होती. हाजीसाहेब म्हणतात, सही नाही, स्टँप नाही, म्हणजे माफी झालीच नाही, निर्णय शुक्रवारी. म्हणजे नोकरी अजून लोंबकळतेच आहे.

आणखी ता.क. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, पण हे सांगितल्याशिवाय पत्र अर्धं आहे. पहाडी वाघ मीच. तू नाव वाचताच ओळखलं असशील. लहानपणी मातीच्या वाघाला मी हेच नाव दिलं होतं. तीन नंबरवाल्यांनीही आज ओळखलं (पाना कमरेवरून पडला, पाठोपाठ खिशातला फोन, आणि त्यावर वाघाचं खातं उघडंच होतं). आता एका बाजूला मी हंसांचा घातकी आहे, दुसऱ्या बाजूला वाघ. शुक्रवारी त्याच भिंतीसमोर माझी माफी ठेवली आहे. दोन्ही बाजूंची मागणी, गावाची माफी माग. मला मागायची आहे ती एका बाईची, आणि ती यादीत कुणी घातलेलीच नाही. ती मागितली तर वाघ मी होतो हे माइकवर कबूल होतं, आणि हाजीसाहेब घोषणेची खोली दुसऱ्याला देतात, म्हणजे माझीही नोकरी गेली.

खरं काम हे आहे: माझा माफीनामा तू लिहून पाठव. अकरा जणांचे मी एका बैठकीत लिहिले, रुक्मियातीचा बारावा. स्वतःचा लिहायला बसलो की चौथ्या ओळीत विशेषणं येतात आणि सहाव्या ओळीत मीच हुतात्मा होतो. माझं चुकतं कुठे, हे तू पन्नास वर्षं न अडखळता सांगत आली आहेस. तसंच लिही. छोटं लिही. गुरुवारच्या गाडीने धाड.

शेवटचा ता.क. स्टँप पाठवू नकोस. रुक्मियातीने तिचा न वापरलेला आत्ताच खिडकीतून मला दिला. म्हणाली, "घ्या, बापाक. आणि शुक्रवारी कॅमेऱ्यामागे मी उभी राहीन."