शेजारच्या बेटाचा कोंबडा

प्रिय क्लेमंट,

केपटाऊनची बोट उद्या निघतेय, म्हणून बटाट्याची काढणी तशीच टाकून लिहायला बसलेय. पपांना शेवटचा निरोप द्यायला अख्खं ट्रिस्टन बेट लोटलं होतं. जो तो त्यांच्या कोंबड्यांच्याच गोष्टी सांगत होता, आणि मला मान वर करवत नव्हती.

तरुणपणी पपांनी गफ बेटावरून पेटीत घालून ते काळे, लाल चोचीचे पक्षी आणले, इथे सोडले. आपला बेटकोंबडा कधीच संपलेला. त्याचंच नाव आपण यांना दिलं. ‘पपांनी परत आणला’ म्हणून आपण दोघं शाळेत किती मिरवायचो!

गेल्या महिन्यात पक्ष्यांचा अभ्यास करणारी एक बाई हॉलमध्ये बोलली. संग्रहालयातल्या जुन्या बेटकोंबड्याचं कातडं तिने या पक्ष्यांशी ताडून पाहिलं होतं. दिसायला सख्खे भाऊ, धड उडता दोघांनाही येत नाही, पण जात निराळी. आपला कायमचा गेला. गफचाही फार सुखात नाही. शेजारच्या इनॅक्सेसिबल बेटावरची चिमुकली पाणकोंबडी तेवढी टिकली, कारण तिथे ना उंदीर पोचला ना आपण.

मी भडकलेच. सगळ्यांदेखत म्हटलं, “आमचा पक्षी आम्हालाच ओळखायला शिकवतेस होय? काल आमचं मटण चापताना बरी गोड बोलत होतीस!” सगळे खो खो हसले. बाईचा चेहरा एवढासा झाला.

तेवढ्यात पपा काठी टेकत उठले. “सेलिना, गप बस. तिचं खरं आहे. मला पेटी उघडतानाच ठाऊक होतं. आपला होता तो माझ्या आज्याने नि त्याच्या कुत्र्यांनी खाऊन संपवला. तुम्हा पोरांना काहीतरी दाखवायचं होतं गं मला.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईची माफी मागायला धक्क्यावर गेले, तर ती बोटीवर चढलेली. लाज माझी मला वाटत होती, आणि राग मात्र पपांवर काढला. घरात अबोला धरला.

काल रेडिओवरून तुझा निरोप आला, की पपांच्या कबरीच्या दगडावर ‘बेटकोंबडा परत आणणारा’ असं कोरा. गाव तयार आहे. पण क्लेमंट, शेवटच्या दुपारी कुंपणापाशी एक कोंबडा फिरत होता. पपांनी बोट दाखवून मला विचारलं, “कोणाचा गं तो?” ‘गफचा, पपा,’ एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड फिरवलं. संध्याकाळी ते गेले. खरं उत्तर मी त्यांना दिलं नाही, आता दगडावर खोटं कोरायला हात उठत नाही. तू रागावलास तरी चालेल, दगडावर नुसतं नाव राहील.

तुझीच बहीण, मान खाली घातलेली,
सेलिना