डावा कान

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
ता. २२ जानेवारी २०२५, बुधवार

चिरंजीव सोनाजीस,

थोरल्या बहिणीचा डोक्यावर हात. आम्ही इथं खाऊनपिऊन धडधाकट हाय. तू पाकीट फोडलंस म्हंजे माझं निम्मं काम झालं. फोन तू उचलत नाय, म्हणून कागद घेतला. दुसरीपर्यंतच्या शाळेचं अक्षर हाय, लावून लावून वाच. नायतर नातवाकडनं, अंगदकडनं वाचून घे. नको, तूच वाच.

आधी खुशीची बातमी. माझी नात प्रांजली घाटीच्या दवाखान्यात डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला गेली. गळ्यात नळी अडकवून फिरती, गल्लीतल्या बाया बघत राहत्यात. परवा तिनं माझ्या पाठीवर एक हात पालथा ठेवला आन् त्याच्यावर दुसऱ्या हाताच्या बोटानं टकटक करायला लागली. मी म्हटलं, "काय गं, दार वाजवती का?" तर म्हणाली, "आज्जी, आत हवा असली की पोकळ वाजतं, पाणी असलं की ठस्स वाजतं." मला लई हसू आलं. कणगीत जवारी कुठवर उरली ते आपली आई असंच बोटानं वाजवून सांगायची. तिला कुणी डॉक्टरकी शिकवली होती?

मग तिनं नळी माझ्या कानात घातली आन् दुसरं टोक स्वतःच्या छातीवर ठेवलं. सोनाजी, काय सांगू. वाळल्या पाल्यातनं वारा गेल्यावाणी आवाज. मी तिला म्हटलं, मेंढराच्या पुढच्या पायामागं कान लावला की हेच ऐकू येतं, आन् आजारी मेंढरू असलं की तव्यावर मीठ टाकल्यावाणी तडतडतं. तिनं ते वहीत लिहून घेतलं, तिच्या मॅडमला सांगितलं. मॅडमनं मला बोलावून चहा पाजला. मी नवं लुगडं नेसून गेले होते, बरं झालं.

आता दुसरं. अंगद प्रांजलीच्या फोनवर बोलून पाठवतो ना, ते मी ऐकते. कापूस किती निघाला, म्हैस व्याली का, तुझ्या कारभारणीच्या, आशाबाईच्या गुडघ्याचं काय झालं, असं मी लांबलांब इचारते. पोराला वाटतं ही आजी बडबडी हाय. ती तर मी हायच. पण मला त्याचं उत्तर नको असतं. तो बोलत असताना मागं तू खोकतोस, ते पाहिजे असतं.

दिवाळीत खोकला कोरडा होता. आता शेवटाला ओला ओढतो आन् मग तू दम घ्यायला थांबतोस. अंगद म्हणतो, जिनिंगच्या कारखान्यातला कापूस घशात जातो. अरे, अडीच महिने कापूस घशात राहतो व्हय? प्रांजलीनं मॅडमला ऐकवलं. त्या म्हणाल्या, फोनवरनं रोग सांगता येत नाय, पण इतक्या दिवसांचा खोकला घरात ठेवू नये. छाती ऐकू, फोटो काढू, बेडका तपासू. जे असंल त्याला इलाज करू, पण लवकर आणा.

तू म्हणशील, आक्काच्या कानावर एकदा भरोसा ठेवला, तेवढा बास. भाचीच्या लग्नात भर पंगतीत तू हेच बोललास. मी खाली मान घालून जिलेबी खाल्ली.

तो एडका. तू बाजारातनं आणलास आन् म्हणालास, "आक्का, जरा कान लाव." मी लावला आन् म्हटलं, छाती साफ हाय. तू त्याला कळपात सोडलंस. महिन्याभरात साठ मेंढरं गेली. उरलेली विकून तू जिनिंगला लागलास, तिथली धूळ खायला. लोक म्हणाले, नशीब. मी बी बारा वरसं नशीबच म्हणत आले.

नशीब नव्हतं. माझा डावा कान थोरल्याच्या बाळंतपणातल्या तापात गेला. कुणाला सांगितलं नाय. लोक लांबनं मेंढरं घेऊन माझ्या दारात यायचे, बानाबाईचा कान म्हणायचे, ते मला आवडायचं. मी आपली उजव्यानं ऐकायची. त्या दिवशी उजव्या कानात नवी मोत्याची बुगडी होती. लोकरीत गुतून तुटंल म्हणून डावा लावला. काहीच ऐकू आलं नाय, आन् तेच मी साफ म्हणून सांगितलं.

हे काल पहिल्यांदा प्रांजलीला बोलले. ती रागावली नाय, बॅटरी घेऊन माझा डावा कान बघायला लागली. ते जास्त लागलं.

तर तुझा खोकला मी उजव्या कानानं ऐकलाय. बुगडी काढून, फोन कानाला चिकटवून, वीस डाव. ह्या बारीला माझी चूक नाय.

पुढच्या गुरुवारी, ३० तारखेला, अंगदला घेऊन सकाळच्या एस्टीनं ये. प्रांजली दवाखान्याच्या फाटकाशी उभी राहील. नाय आलास तर शनिवारी मी सोयगावात येऊन सगळ्या गल्लीसमोर तुझ्या पाठीला कान लावीन. मला शरम नाय, तुला हाय.

माझ्यावरचा राग टाकून ये, असं मी म्हणत नाय. तो घेऊनच ये. आधी छाती दाखव. मग घरी येऊन बारा वरसांचं जे साचलंय ते बोल. मधी एक शब्द बोलणार नाय मी.

तुझं सगळं ऐकून घ्यायला बसलेली,
आक्का